गल्लीच्या तोंडाशी बसलेला जावई

१२ जानेवारी

आई पडल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाजारात, भाजीच्या गाळ्यासमोर, ओल्या फरशीवर. उजवा खुबा मोडला.

मी टपरीवर होते. उड्डाणपुलाखाली आमची बॅटरी बदलून द्यायची टपरी आहे. लोकांचे कृत्रिम हात, पाय, डोळे, कान, ज्यात म्हणून बॅटरी बसते ते सगळं येतं. एका गिऱ्हाइकाचा हात कोपरापासून उघडून बसले होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्या माणसाला म्हटलं, असेच बसा, आणि धावत सुटले. बिचारा संध्याकाळपर्यंत हात लोंबकळत ठेवून बसला होता म्हणे.

रुग्णालयात आई शुद्धीवर होत्या. मला पाहून पहिलं वाक्य, "आलीस? शेगडी बंद केलीस का?" मी घरून आलेच नव्हते. पण खुबा मोडलेल्या बाईशी काय वाद घालायचा.

डॉक्टर म्हणाले, मोटरचा नवा खुबा बसवू, महिन्याभरात धावायला लागतील. मी म्हटलं, धावायला नकोय, घरी यायला हव्यात. डॉक्टर हसले. ते आमच्या गल्लीत राहत नाहीत, हसणारच.

ही वही टपरीच्या मालकाने दिलेली आहे. इतके दिवस कोरी होती. घरात काही बोलायची सोय नाही. 'पाठ दुखते' म्हटलं की भिंतीवरचा बोलका आरसा लगेच गाद्यांच्या जाहिराती काढतो. म्हणून कागदावर.

१४ जानेवारी

खुबा बसवणारी मुलगी भेटली. चुणचुणीत आहे, डोळ्यांखाली निळे दिवे लावून घेतलेत. तिला आमच्या जावयाबद्दल काहीच माहीत नव्हतं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला वीजकेंद्राची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला बंद कारखान्याची. दोन्ही जिथे अगदी जवळ येतात, तिथे फरशीखाली लष्कराचा सुरुंग आहे. लढाईच्या दिवसांत पुरला. बनवणाऱ्या कंपनीने त्याचं नाव 'वस्तीरक्षक' ठेवलं होतं. आम्ही जावई म्हणतो. काम काडीचं करत नाही, सगळ्यांनी त्याची मर्जी सांभाळायची आणि कधी रुसेल त्याचा नेम नाही.

तो चालीवरून माणूस ओळखतो. गल्लीतला असेल तर गप्प बसतो. परकं पाऊल पडलं की जागा होतो. आवाज होत नाही, पण जमिनीतून थरथर येते आणि माणसाचे दात आंबतात, असं म्हणतात. मला अनुभव नाही, ऐकीव आहे. तेवढ्यावर मागे फिरलं तर वाचतो माणूस. मधल्या काळ्या फरशीवर पाय पडला की मग पुढेही नाही आणि मागेही नाही, अनोळखी पावलाने हललं की फुटतो. ओझं उचललं की चाल बदलते, म्हणून आमचं सामान वरच्या तारेवरच्या टोपलीतून येतं. चाकं चालत नाहीत. पाठुंगळी माणूस घेणं तर नाहीच नाही.

"मग काढून का टाकत नाहीत?" तिने विचारलं. सगळेच विचारतात. खणायला गेलं की फुटतो. मुद्दाम फोडावा तर वीजकेंद्राची भिंत जाईल आणि अर्धं शहर अंधारात बसेल. लष्कर म्हणतं तो आता नगरपालिकेचा, नगरपालिका म्हणते लष्कराचा. पलीकडच्या गल्लीतला फुटला, ती गल्ली आता नकाशातही दाखवत नाहीत.

"आणि नवीन माणूस आला तर?"

कंपनी होती तोवर तिच्याकडून परवानगी मागवून नव्या माणसाची ओळख घालून देता यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी तशीच घातली. कंपनी बुडाली तेव्हापासून जावई नवी ओळख घेत नाही. पाहुणे गल्लीबाहेर चहा पिऊन जातात. ज्यांना मुलंबाळं हवी होती ती घरं उठून गेली. आम्ही उरलो.

मुलीने खुब्याचा डबा उघडून माझ्यापुढे केला. मग म्हणाली, "काकू, एक अडचण आहे. हा खुबा सगळ्यांना एकच चाल देतो. उत्तम चाल. कारखान्यातूनच तशी येते."

२२ जानेवारी

आज आई उठून चालल्या. रुग्णालयाच्या लांब ओसरीत इकडून तिकडे, काठी नाही, हात धरायला कुणी नाही. पाठ ताठ, पावलं सारखी. बघणाऱ्या नर्सने टाळ्या वाजवल्या.

मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं. ती बाई आई नव्हतीच. एखादी कवायतीतली मुलगी आईंचं पातळ नेसून चालली आहे असं वाटलं.

आई वळल्या, माझा चेहरा पाहिला आणि थांबल्या. त्यांना कळायला वेळ लागत नाही. "जावयाला आवडायचं नाही हे," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. 

संध्याकाळी ताई त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकविसाव्या मजल्यावर राहतात. तिथे सुरुंग नाही, पण खिडकीही उघडत नाही.

२४ जानेवारी

नगरपालिकेचा सुरुंगवाला आला होता. गल्लीबाहेर उभा राहून तो लांब दांडीच्या यंत्राने जावयाची नाडी बघतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजींना असं आणायचा विचारसुद्धा करू नका. माणूस म्हातारा होत जातो तशी चाल हळूहळू बदलते, ते त्याला चालतं. एकदम बदललेली चाल म्हणजे त्याच्या लेखी शत्रू.

मग म्हणाला, खुब्यात दुसरी चाल भरता येते, फक्त जुन्या चालीचं मोजमाप पाहिजे.

नवरा घरातले सगळे जुने व्हिडिओ काढून बसला. लग्नं, वाढदिवस, साखरपुडे. एकाही ठिकाणी आई चालताना नाहीत. सगळीकडे बसून हुकूम सोडताहेत.

२६ जानेवारी

आईंचा फोन. इतक्या खुशीत की मला संशयच आला. ताईंकडे सगळं छान आहे. गादी मऊ आहे. नातू रोज पाय चेपून देतो. वर म्हणाल्या, "आणि इथे जेवणात मीठ बरोबर पडतं."

वीस वर्षं मी मीठ घालते आहे. वीस वर्षं गिळलं ते काय मग?

"माझी खाट काढून टाका आता. तुम्हांला जागा होईल. तुला शिवणयंत्र ठेवायचं होतं ना तिथे?"

मी म्हटलं, "काढते."

फोन ठेवला आणि भांडी इतकी आदळली की आरशाने मला मनःशांतीचं शिबिर सुचवलं. नवरा म्हणाला, "आई रडत होती गं, आवाजावरून वाटलं." याला कुठे काय ऐकू येतं देव जाणे. मला तर चांगलं टोचून बोलल्या. लेकीकडे गेल्यावर सून कशाला हवी.

खाट काढली नाही. जड आहे.

२९ जानेवारी

ताईंचा रोज फोन येतो, आईंची औषधं कुठली, आईंना झोप लागत नाही, आई खिडकीशी उभ्या राहतात. खिडकीतून काय दिसतं तिथून? समोरच्या इमारतीची खिडकी. मला कटकट झाली आहे. त्या इथे आल्या की फोन तरी बंद होतील.

आज जिन्यावरची म्हणाली (ती आमच्या वर राहते, पण अख्खा दिवस जिन्यातच बसलेली असते), "मोजमाप कशाला शोधताय? तू करतेस की त्यांची चाल!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. करते मी. म्हणजे करायचे. दुपारी आई झोपल्या की बायका जिन्यात जमायच्या आणि मला सांगायच्या, "दाखव ना गं." मी पदर खोचून वरून खालपर्यंत आई होऊन उतरायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण चांगली करते हे खरं. मला आईंची चाल पाठ आहे. सुरुवातीला भीतीच होती त्यांची. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असायचे आणि पावलांवरून अंदाज घ्यायचे की आज पारा कुठे आहे. उजवी टाच घासते. डावं पाऊल टाकलं की अगदी जरासं थांबतात, कुणीतरी काही बोलेल अशी वाट बघितल्यासारखं. वळताना आधी खांदा वळतो, मग बाई. रागात असल्या तर टाच जास्त घासते.

वीस वर्षं ऐकलंय. उगाच नाही.

१ फेब्रुवारी

खुबेवालीकडे गेले. तिने कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि म्हणाली, "चला."

मी जिन्यातली चाल केली. तिच्या इथली दोन पोरं फिदीफिदी हसली. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली. "काकू, ही चाल नाही, नक्कल आहे. लोकांना हसवायला तुम्ही टाच जास्त घासता. हा खुबा तुमच्या सासूबाई रोज वापरणार. त्यांना चालायचंय, हसवायचं नाहीये."

पोरगी फटकळ आहे. पण खोटं नाही बोलली.

आता सराव करायचा. घरी, टपरीवर, बाजारात. फक्त जावयापाशी आले की मी माझी होणार. तिथे चेष्टा नाही.

९ फेब्रुवारी

सराव चालू आहे. हसवण्याचं निघून गेलं की उरतं ते अवघड असतं. डावं पाऊल टाकून थांबायचं ते किती? मी वाढवून दाखवायचे, पण खरं तर ते कळेल न कळेल इतकंच आहे. आज सकाळी टोपलीतून सामान काढायला जिना उतरले, तर नवरा आतून "आई?" म्हणत बाहेर आला. चेहरा असा झाला होता त्याचा! मला पाहून परत आत गेला. जमतंय म्हणायचं.

टपरीचा मालक म्हणाला, पाय दुखतो का. म्हटलं, नाही, शिकतेय. त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने बसायला उंच स्टूल आणून दिलं.

१६ फेब्रुवारी

खुबेवालीने आज आईंना बोलावून घेतलं होतं. मला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गेलेच नसते.

आई भिंतीशी बसलेल्या, ताई शेजारी. मुलगी म्हणाली, "आजी, खरी चाल कोणती हे फक्त तुम्ही सांगू शकता. यांच्याकडे बघा आणि सांगा."

मी चालले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तोंड फिरवून चालावं म्हटलं तर आई चालताना मान फिरवत नाहीत.

आई म्हणाल्या, "अशी चालते मी?"



"जिन्यात करायचीस ती बरी होती. ही म्हाताऱ्या बाईची आहे."

मला वाटलं आता इथेच बसकण मारावी. "तुम्हांला माहीत होतं?"

"दारं काय, पुठ्ठ्याचीच आहेत आपल्याकडे. रोज दुपारी हसायचात. मला झोप काय लागते डोंबलाची?" मग उठल्या आणि माझ्याजवळ आल्या, त्या कवायतीच्या चालीने. "थांबतेस ते चुकतंय. नुसती थांबत नाहीस तू, वाट बघतेस. मी लढाईत हा घोटा मुरगळून घेतलाय, तो दुखतो म्हणून थांबते. दुखतंय असं थांब."

मी तसं थांबले. त्या बघत होत्या. "हं," म्हणाल्या. आईंचं 'हं' म्हणजे शाबासकी असते.

वीस वर्षं घोटा दुखतोय आणि मला वाटायचं कुणी काही बोलेल म्हणून थांबतात. मला वाईट वाटलं. निघताना त्यांना तसं सांगणार होते, तेवढ्यात म्हणाल्या, "खाट काढलीस का?" म्हटलं, वेळ नाही मिळाला. "आळशी," म्हणाल्या आणि ताईंच्या गाडीत बसल्या.

२१ फेब्रुवारी

दाढ आंबते आहे. टपरीवरून घरी येताना होतं, घरात शिरले की थांबतं. थंड वाऱ्याने असेल. गल्लीच्या तोंडाशी दोन भिंतींमधून वारा येतो.

उजव्या चपलेची टाच पार झिजली. चपलांचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.

२६ फेब्रुवारी

दंतवैद्याकडे जाऊन आले. दाढेला काहीही झालेलं नाही म्हणाला, गोड कमी करा. गोड मी खात नाही. पण या लोकांना कुठे काय समजतं म्हणा. लवंगेचं तेल दिलं आहे. लावते, पण फरक नाही. आज सकाळी जातानाही आंबली.

खुबेवालीचा निरोप: मोजमाप पूर्ण झालं, आईंच्या खुब्यात चाल भरली. आईंनी ताईंच्या घरात चालून पाहिली आणि म्हणाल्या, "ही मी."

२ मार्च

आई घरी आल्या!

सगळं सविस्तर लिहायला हवं. सकाळी सुरुंगवाला आपलं यंत्र घेऊन आला. ताई आणि खुबेवाली बाहेर रस्त्यावर. आम्ही सगळे गल्लीत आतल्या बाजूला, त्याने सांगितलं तितके लांब. नवऱ्याने माझा हात धरला होता. मला त्याच्या घामाची किळस आली आणि हात सोडवलाही नाही.

ताईंनी मला कालच फोनवर सांगितलं होतं, "आई म्हणते, सून मधे येऊन हात धरायला बघेल, तिला येऊ देऊ नका. काही झालं तर एकीचंच होऊ दे." मला राग आला. हात धरल्यावर चाल बदलते हे मला कळत नाही का? इतकी का मी मूर्ख आहे?

आई निघाल्या. उजवी टाच घासत. डावं पाऊल, जरासं थांबणं. मी तोंडातल्या तोंडात त्यांची पावलं म्हणत होते. काळ्या फरशीवर आल्या आणि थांबल्या. मला वाटलं संपलं. पण त्या घोट्यासाठीच थांबल्या होत्या. मग पुढे आल्या. सुरुंगवाल्याने दांडी वर करून हलवली. जावई झोपलेला होता.

मी जाऊन त्यांना धरलं. कधी धरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पुरे, माझे केस विस्कटतायत." घरात शिरल्या, खाटेकडे बघितलं, खाटेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पडदा कधी धुतला होतास?"

जेवणात मीठ कमी आहे म्हणाल्या. मी वाटीभर पुढे ठेवलं.

५ मार्च

आज अक्षर वाईट येणार.

टपरीवरून परत येत होते. उन्हं होती अजून. गल्लीच्या तोंडाशी दाढ आंबायला लागली, नेहमीसारखी. मी मनात म्हटलं, उद्या जाऊन उपटूनच टाकते एकदाची. आणि चालत राहिले.

काळ्या फरशीवर पाऊल पडलं आणि सगळेच दात आंबले. वरचे, खालचे, सगळे. तळव्यातून गुडघ्यापर्यंत थरथर चढली. तेव्हा समजलं. दाढेला काही झालेलंच नव्हतं.

जागच्या जागी थांबले. डावं पाऊल पुढे, उजवी टाच मागे टेकलेली. त्या टाचेकडे बघितलं आणि चपलेची टाच का झिजली तेही समजलं. जावयापाशी मी माझी चाल चालते असं मला वाटत होतं. महिनाभर मी काय चालत होते देव जाणे. ना माझी, ना आईंची.

जिन्यावरचीने पाहिलं आणि किंचाळली. माणसं बाहेर आली. नवरा धावत आला आणि लोकांनी त्याला धरून ठेवलं.

तो ओरडला, "अगं, तू तुझ्यासारखी चाल ना! पूर्वीसारखी!"

"पूर्वीसारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... नेहमीची."

"नेहमीची कशी ते सांग ना!"

त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. वीस वर्षं एका घरात राहतोय. मला त्याचा राग आला नाही, कारण मलाही आठवेना. मी जिन्यावरचीकडे बघितलं. तिने मान हलवली. माझी नक्कल कुणी कधी केलीच नाही.

मग आई आल्या. भिंतीला धरून, सावकाश. मी ओरडले, "आई, पुढे येऊ नका!"

"मला काय हौस आहे? इथूनच बोलते." त्यांनी नवऱ्याला बाजूला केलं. "तुझी चाल घाईची. दूध उतू चाललंय अशी धावतेस घरभर. पाठमोरीसुद्धा ओळखते मी. पण ती आता तुला जमायची नाही. भ्यायली आहेस. माझी चाल कर."

"काय?"

"माझी. जिन्यातली नको. खुबेवालीला दिलीस ती."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आई, सगळे बघतायत."

"बघू देत. सगळ्यांची जिन्यात बघूनच झालेली आहे."

मी डोळे मिटले. आई म्हणाल्या, "डोळे उघड. मी डोळे मिटून चालते का कधी?" उघडले. "मान वर. हं. आता टाच ओढ. एवढी नाही. राग आलाय का मला? नाही ना? मग साधी ओढ. आता डावं. थांब. दुखतंय. दुखतंय की नाही?"

"दुखतंय," मी म्हटलं. खरंच दुखत होतं, सगळंच.

"निघ आता."

दुसऱ्या पावलाला दात सुटले. तिसऱ्याला जमीन गप्प झाली. जावयाने मला आई समजून जाऊ दिलं. फरशी संपली, तरी मला थांबता येईना, मी आपली टाच घासत आईंच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की आता निळा झालाय.

मी हमसून हमसून रडले, सगळ्यांसमोर.  बऱ्याच वेळाने आई म्हणाल्या, "वळताना खांदा जरा जास्त पाडतेस."

११ मार्च

सुरुंगवाल्याने सांगितलं, स्वतःची चाल शोधायच्या भानगडीत पडू नका, आजींचीच चाला. वर्षभर ज्याची चाल कानावर पडत नाही त्याची नोंद जावई पुसून टाकतो, म्हणजे माझी जाईल. "आजींची मात्र आता राहणार, तुम्ही चालताय तोवर. त्या असोत नसोत." मी म्हटलं, असोत नसोत काय, चांगल्या ठणठणीत आहेत. त्याने यंत्र गुंडाळलं आणि गेला. काही लोकांना बोलायची रीत नसते.

नवरा सकाळपासून माझ्या मागे मागे चालतोय. विचारलं, काय रे? म्हणाला, "काही नाही, बघून ठेवतोय." आता बघून काय उपयोग. पण मी हळू चालले जरा.

१९ जून

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही होत नाही.

आई आता गल्लीबाहेर जात नाहीत. पाय ठीक आहे, कंटाळा येतो म्हणतात. दुपारी पुष्कळ झोपतात, खरोखरच्या. जिन्यात बायका जमतात, पण हल्ली मी नक्कल करत नाही, मजा येत नाही. बाजार मी करते, त्यांची औषधं मी आणते, त्यांच्या मैत्रिणीला बाहेरच्या टपरीवर चहा मी पाजते. ती मैत्रीण परवा म्हणाली, लांबून बघितलं तर वाटतं तीच येते आहे.

आज भाजी घेऊन आले. सामान टोपलीत टाकलं आणि मोकळ्या हाताने गल्लीत शिरले. टाच घासत, घोट्याला जपत, काळ्या फरशीवरून. जावई गप्प. दारात आले तर आतून, खाटेवरून आवाज आला, "आले का गं मी?"

"आलात," मी म्हटलं आणि चपला काढल्या.